नावेचं पांघरूण

मी मामंजींशी बोलत नसे, हे आधी सांगायला हवं. माझ्या तोंडाला काही कुलूप नव्हतं. गोंदियाला माहेरी माझी बडबड ऐकून आई कपाळावर हात मारून घ्यायची. पण वैनगंगेच्या काठावरच्या आमच्या गावात सुनेनं सासऱ्यासमोर पदर पुढे ओढायचा आणि आवाज काढायचा नाही, अशी रीत होती. सासू माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा गोंदियाला धानाच्या गिरणीत कामाला, तो आठवड्यातून एकदा यायचा. घरात मामंजी, धाकटा दीर आणि मी. मामंजींना काही सांगायचं असलं की मी दिराला सांगायचे आणि समोरच बसलेले मामंजी ते त्याच्या तोंडून ऐकायचे. तीन वर्षं असंच चाललं. दिराला त्याची गंमत वाटायची. मी म्हणे, "भाजीत मीठ कमी आहे का विचारा," तर तो विचारी, "बाबा, वहिनी पुसून राहिल्या, आणखी एक भाकर खाल का?"

आमच्याकडे घाटावरची नाव होती. पावसाळाभर ती माणसं, बैल, पोती या काठावरून त्या काठाला न्यायची. दिवाळीनंतर पाणी उतरलं की लोक पायीच नदी ओलांडत, मग नाव ओंडक्यांवरून ओढत आणून कोठ्यात ठेवायची. कोठ्याला कवेलूंचं छप्पर आणि कुडाच्या भिंती. पण नाव आत आली म्हणजे निर्धास्त झालो असं नव्हतं. कवेलूंतून माती झडायची, पारवे घाण करायचे, मावठा आला की छप्पर गळायचं आणि थंडीचा कोरडा वारा लागला की फळ्यांचे सांधे उकलायचे. म्हणून तिला पांघरूण लागायचं.

ते लढाईचे दिवस होते. जुनी तिरपाल उंदरांनी खाल्लेली, नवी बाजारात नजरेला पडत नव्हती; सगळी पलटणीकडे जात होती. गिरणीवाले गोणपाट हातचं सोडत नव्हते. मामंजी म्हणाले, धानाचं तणस टाकू. पण नुसत्या तणसात उंदीर होतात आणि सांध्यांतलं सूत कुरतडतात. शिंदीच्या चटया अंथरल्या होत्या त्या साली खालून उधळी, म्हणजे वाळवी, लागली होती. परवडेल असं जे जे होतं, त्यात काही ना काही खोट निघत होती.

तेव्हा मी शहाणपणा केला. माझं माहेर रेल्वेच्या गावचं, याचा मला भारी तोरा. मालगाडीवरची तिरपाल म्हणजे तेल पाजलेलं कापडच की, मग ते घरी का होणार नाही? जवस आमच्या बांधीतला, तेल गावच्या घाण्याचं. कापड मात्र कुठून आणायचं? लुगडं मिळणं मुश्कील झालं होतं, मी स्वतः दोन लुगड्यांवर दिवस काढत होते. सासूबाईंची चार जुनी लुगडी पेटीत होती. ती मागायचं धाडस दिरानं केलं. मामंजी जागचे उठले. मग त्यांनी स्वतः पेटी उघडून दिली.

वर्षभरापूर्वी दिरानं कोठ्यात बिडी टाकली होती आणि तणसाला धग लागली होती. थोडक्यात निभावलं. तेव्हापासून मामंजींचं एकच म्हणणं होतं, आणि लुगडी हातात देतानाही त्यांनी ते ऐकवलं, "पाय रे, कोठ्यात बिडीचा वास आला, तर या घरात तुले जागा नाई." ते बोललेलं मागे घेणारे नव्हते. दीर हसला. मला मात्र धसका बसला, कारण बिडी त्याच्या कानामागे तेव्हाही खोचलेली होती.

मी दाभणानं लुगडी जोडली. तेल आटवून दाट केलं, चिंध्यांच्या बोळ्यांनी चोळलं, कुंपणावर वाळत घातलं. पहिला हात चांगला बसला. वर पाणी टाकलं तर थेंब घरंगळून जायचे. दिरानं अख्ख्या गावाला बोलावून दाखवलं. मी दुसरा हात दिला आणि नेमकं त्याच दिवशी आभाळ भरून आलं. कापड उन्हानं तापलेलं, तेल अजून ओलं. थेंब पडायच्या आत मी त्याची घट्ट घडी केली, तेलकट बोळेही आत कोंबले, घडी नावेच्या पोटात ठेवली आणि गारठू नये म्हणून वर तणस दाबलं. मोठं काम उरकलं असं वाटून मी स्वैपाकाला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात तळणाचा वास आला. मला वाटलं, शेजारी वडे चाललेत. मग तो वास करपट झाला. मी कोठ्याचं दार लोटलं, तर नावेच्या पोटातून धूर निघत होता. ज्वाळा कुठेच नव्हती. मी तणस उपसलं, घडी ओढली, ती उलगडायला गेले आणि तिनं भपकन पेट घेतला. मी किंचाळले. दारापाशीच बसलेला दीर धावत आला, त्यानं जळतं कापड उघड्या हातांनी बाहेर फेकलं. मामंजी माती घेऊन आले. नाव वाचली, तळाच्या दोन फळ्या तेवढ्या काळवंडल्या.

मामंजींनी दिराच्या कानामागची बिडी काढून त्याच्यासमोर धरली.

"मी नाई पेली, बाबा. आईची शपथ."

"तिचीच लुगडी जाळली अन् तिचीच शपथ घेतं?" मामंजी म्हणाले. "नीघ."

मी पदराआड उभी होते. माझ्या पायाशी अर्धवट जळलेली घडी पडली होती आणि ती मला स्पष्ट दिसत होती. घडीचा वरचा थर शाबूत होता. काळं झालं होतं ते आत, मधोमध. वरून बिडी पडली असती तर आधी वरचं जळलं असतं, हे कळायला काही शिक्षण लागत नाही. ही आग बाहेरून आली नव्हती. कशी आली ते मला ठाऊक नव्हतं, पण घडी माझी होती, बोळे माझे, तेलाची अक्कलही माझीच. मी गप्प राहिले. माझं बोलणं मामंजींपर्यंत नेणाराच आज आरोपी होता, मग मी कोणाकरवी बोलणार, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मी भ्याले. आणि दीर भाजलेल्या हातांना फडकं गुंडाळून निघून गेला.

चार दिवस मी भाकरी थापल्या, मामंजींनी त्या खाल्ल्या. ते दिवसभर कोठ्यात वाकसानं काळवंडलेल्या फळ्या तासत बसायचे. नवरा येऊन सांगून गेला की भाऊ गिरणीत पोती उचलतोय, पण आसामातल्या सडकेच्या कामावर माणसं न्यायला ठेकेदार आलाय आणि भाऊ त्याच्याभोवती घुटमळतोय. त्या कामावर गेलेली आमच्या गावची दोन माणसं परत आली नव्हती. नवऱ्यालाही मी काही बोलले नाही. माझा मलाच इतका राग यायचा की परातीतलं पीठ मी बुक्क्यांनी तिंबत होते.

पाचव्या दिवशी मी उरलेलं तेल काढलं. चिंध्यांना चोळलं, उन्हात तापवलं, मडक्यात कोंबलं. काही झालं नाही. गठ्ठा लहान होता. सहाव्या दिवशी मी माझं दुसरं लुगडं घेतलं, तेलात भिजवलं, कुंपणावर तापवलं, तशीच घट्ट घडी करून मडक्यात दाबलं आणि भोवती तणस भरलं. शेजारी बसून राहिले. वेळ जाता जाईना. दर थोड्या वेळानं मी घडीत हात घालत होते. गार. कोमट. पुन्हा कोमट. आपण एकुलतं दुसरं लुगडं वाया घालवलं आणि दीर आसामाच्या गाडीत बसला, एवढंच डोक्यात येत होतं. उन्हं कलायला लागली तेव्हा हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. जवळ विस्तव नव्हता, चूल सकाळपासून थंड. मडक्यातून तोच तळणाचा वास येत होता.

मी मडकं उचलून कोठ्यात गेले. मामंजी फळीवर वाकले होते.

"मामंजी," मी म्हटलं, "यात हात घालून पाहा."

ते दचकून उठले. माझा आवाज त्यांनी कधी असा समोरून ऐकला नव्हता. त्यांनी हात घातला. त्यांचा चेहरा बदलला तरी हात त्यांनी काढला नाही, शेवटी मीच मडकं मागे ओढलं. धूर निघायला लागला होता.

"कोनं पेटवलं हे?"

"कोनीच नाई. घडी म्या घातली होती. त्या दिवशीची बी म्याच घातली होती."

त्यांनी वाकस खाली ठेवला. भिंतीवरची बंडी अंगात घातली आणि कोठ्यातूनच गोंदियाची वाट धरली.

ते दोन दिवस मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. अंगावरचं एकच लुगडं, ते अर्धं धुवायचं, अर्धं नेसायचं आणि वाटेकडे डोळे लावून बसायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते दोघे बांधावरून येताना दिसले. पुढे मामंजी, मागे तो. मामंजी सरळ नदीवर हातपाय धुवायला गेले. मी दिराला पाणी दिलं. त्याच्या तळव्यांवरचे फोड अजून सुकले नव्हते. मला रडू फुटलं आणि मी सांगून टाकलं, की मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, घडी आतून जळली होती, तरी मी बोलले नाही.

त्यानं पाणी संपवलं, गडवा खाली ठेवला.

"मले मालूम हाय, वहिनी," तो म्हणाला. "मलेबी दिसलं होतं. मी त्या दिवशी दिवस बुडेपर्यंत बांधावर बसून होतो. वाटलं, तुमी बाबाले हाक माराल."