तुर्गुन एजेने न घेतलेलं नाव

आत-बाशी गावच्या दवाखान्यासमोर माझी टपरी आहे. फोन, इस्त्री, टीव्हीचा रिमोट, कोंबड्यांच्या खुराड्यातला हीटर, जे समोर येईल ते उघडून बसतो. सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एकही माणूस असा आला नाही, ज्याने आपल्या हाताने काही बिघडवलंय. "काही केलं नाही रे मेलिस, नुसता ठेवला होता, आपोआप गेला," म्हणतात, आणि फोन उघडला की आतून घोडीचं दूध गळतं. पूर्वी मी वाद घालायचो. आता नुसतं "हं" म्हणतो आणि पुसायला घेतो.

दवाखान्यातले संगणकही मीच बघतो, कारण दुसरं कोणी नाही. राजधानीतून, बिश्केकहून, नवा प्रोग्रॅम येतो, त्याच्यासोबत मदतीचा एक नंबर येतो, आणि तो नंबर कोणी उचलत नाही. मग मोठ्या डॉक्टरीणबाई पायरीवर येऊन मला हात करतात. दर वेळी सांगतात, "हा शेवटचा बदल, मेलिस. यानंतर काही नाही." गेल्या चार वर्षांत हा शेवटचा बदल पाच वेळा झाला. प्रत्येक वेळी बटणांच्या जागा बदलतात, आणि ज्यांना त्या नुकत्याच कुठे पाठ झालेल्या असतात, त्यांची तोंडं उतरतात.

या सगळ्याचा भार जिच्या डोक्यावर पडतो ती तुर्गुनबुबू. नोंदणीच्या खिडकीत एकतीस वर्षं बसलेली. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला एजे म्हणतो. तशी ती अर्ध्या गावाचीच थोरली बहीण. कागदी कार्डं होती तेव्हा तिने ती आडनावाने लावलीच नव्हती. आमच्याकडे एकेका आडनावाची पन्नास घरं. तिने लावली होती गल्लीने आणि फाटकाने. माणूस टोपी काढून खिडकीशी वाकेपर्यंत त्याचं कार्ड बाहेर असायचं, वर "गुडघा कसाय?" हेही विचारून व्हायचं.

मग कार्डं संगणकात भरायचा हुकूम आला. सहा हजारांवर कार्डं. ती एका बोटाने टाइप करायची, जीभ दातात धरून. मी वायरी ओढत असायचो. एके दिवशी तिने एक कार्ड माझ्याकडे सरकवलं.

"हे तेवढं तू टाक."

"का? याने काय पाप केलंय?"

"टाक म्हटलं ना. वरच्या गल्लीतले, निळं फाटक."

कार्ड तिच्या थोरल्या दिरांचं होतं. आमच्याकडे सून सासऱ्याचं आणि थोरल्या दिरांचं नाव घेत नाही. आताच्या मुली घेतात, हसत हसत घेतात. तुर्गुन एजे घेत नाही. दिरांचं नाव जुमाकादिर. नावात जुमा आहे, म्हणजे शुक्रवार, म्हणून लग्न झाल्यापासून अडतीस वर्षं तिने शुक्रवारही तोंडातून काढलेला नाही. "शनिवारच्या आदल्या दिवशी ये," असं ती रोग्यांना सांगते, आणि गावाला ते आता इतकं अंगवळणी पडलंय की तरणी पोरंही तसंच म्हणतात. तिचे सासरे लवकर गेले. नवरा शेंडेफळ. तिला या घरात आणलं, उभं केलं ते या दिरांनीच. मी कार्ड घेतलं आणि नाव टाइप केलं. तिने तोवर खिडकीबाहेर बघितलं.

या हिवाळ्यात आला तो पाचवा शेवटचा बदल. त्यात पडद्यावर लाल चौकटीत रोग्याचं नाव येतं, आणि त्याला पुकारलं की 'हाक मारली' हे बटण दाबायचं. ते दाबल्याशिवाय पुढचं नाव उघडतच नाही. खरं तर पुकारायचं काम कर्ण्याचं होतं. आतून एक बाई गोठलेल्या आवाजात नावं घ्यायची. पण तिसऱ्याच दिवशी वीज खालीवर झाली आणि कर्णा जळाला. मी उघडून बघितला, आत कोळसा. नवं सामान नारीनहून यायचं होतं आणि घाटात बर्फ होतं. मग तुर्गुन एजेने आपली वाट काढली. बटण दाबायची, उठून बाहेर जायची, आणि ज्याची पाळी त्याच्या खांद्याला हात लावायची. प्रोग्रॅमही खूश, माणूसही खूश.

तेवढ्यात कागद आला. नव्या प्रोग्रॅममुळे खिडकीला एजे आणि तिच्या हाताखालची पोरगी अशा दोघींची गरज नाही, एकच राहील. कोण राहील ते प्रांताहून आलेली तपासनीस ठरवणार. समोर बसून वीस रोगी पुकारायचे, नियमाप्रमाणे, चूक न करता. जमलं तर खुर्ची, नाही तर चादरींच्या कोठारात बदली. एजेची पेन्शन दोन वर्षांवर होती.

"कोठारात काय वाईट आहे?" मी म्हटलं. "ऊब असते."

"तिथे माणसं येत नाहीत रे," ती म्हणाली. "चादरीला काय विचारू, गुडघा कसाय?"

मी हसलो, ती हसली नाही. दिवस ठरला होता शुक्रवारचा. तिने आधीच दिरांच्या घरी निरोप धाडला, की रक्तदाब बघायला या आठवड्यात येऊ नका, सोमवारी या. मला म्हणाली, "एवढं एक नाव सोडून वीसच काय, दोनशे पुकारीन."

आता माझा गुन्हा सांगतो. गुरुवारी दुपारी जुमाकादिर अता माझ्या टपरीत आले. म्हाताऱ्या माणसाला आमच्याकडे सगळेच अता म्हणतात, म्हणजे बाबा. एकोणऐंशी वर्षांचे, पाठ अजून ताठ. फोन पुढे केला. "काही केलं नाही मी. आपोआप मुका झाला." मी उघडला, चार्जिंगच्या भोकातून मूठभर तंबाखू काढली, चालू करून दिला. तेवढं करून थांबायला हवं होतं. पण सवयीने मी बंद पडलेले संदेशही सुरू करून दिले, आणि आठवडाभर अडकलेलं सगळं एकदम धडाधड आत आलं. अतांनी चष्मा लावला.

"बघ बघ, मला सरकारी पत्र आलंय. उद्या साडेदहा, खोली सात. भावजयीने तर सोमवार सांगितला होता."

"मग सोमवारीच जा ना अता."

"छे. पत्र आलंय म्हणजे जायलाच हवं."

हे मी एजेला सांगितलं नाही. वाटलं, विसरतील. खरं म्हणजे मला कंटाळा आला होता. आणखी एक निरोप, आणखी एक भानगड, नको वाटलं.

शुक्रवारी मला संगणकाशेजारी बसवलं होतं, तो अडकला तर सोडवायला. तपासनीस मुलगी होती, बेगाइम नावाची, तिशीतली. अकरा दिवसांत नऊ दवाखाने करून आलेली, बूट ओले, डोळ्यांखाली काळं. चहा दिला तर दोन्ही हातांनी पेला धरून बसली. वाईट मुलगी नव्हती. एजे सुरू झाली. नाव घ्यायची, आवाज खणखणीत, बटण दाबायची. सोळा झाली, एकही चूक नाही. मला वाटलं, सुटलो.

सतरावं नाव लाल चौकटीत आलं. जुमाकादिर तोकोबाय उलू. उलू म्हणजे मुलगा, आणि तोकोबाय म्हणजे तिचे सासरे, तेही नाव त्यातच. मी काचेतून बाहेर बघितलं. अता बाकावर बसले होते, गुडघ्यांवर हात, गळ्याशी चांगला मफलर.

एजेचं बोट बटणावर गेलं आणि ती उठायला लागली.

"कुठे निघालात?" बेगाइमने विचारलं.

"सांगते त्यांना जाऊन."

"इथूनच पुकारा. पूर्ण नाव."

एजेने खिडकीतून म्हटलं, "कैनागा, खोली सात."

"कैनागा म्हणजे दीर ना? असं किती जणींचे दीर बसलेत बाहेर. नाव, एजे."

"मी मारतो हाक," मी म्हटलं.

"तुम्ही खिडकीत बसता का रोज?" ती माझ्याकडे वळली. मग आवाज उतरवून म्हणाली, "मला कळतं हो. माझी आजी आजोबांना मरेपर्यंत 'अहो घोडेवाले' म्हणायची. पण या कागदावर मी काय लिहू? आजी लिहू?"

बाहेर बायका खिडकीकडे बघायला लागल्या होत्या. कोण अडकलंय आणि कशात, हे सगळ्यांना कळलं होतं. एजेने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्या नजरेने मला फार लाज वाटली. मग ती म्हणाली, "जुमाकादिर तोकोबाय उलू. खोली सात."

स्वच्छ म्हणाली.

अता उठले नाहीत. त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं, बाहेरून कोणी आलंय का ते बघायला. शेजारच्या बाईने कोपराने ढोसलं, तरी दाराकडेच बघत राहिले. बेगाइमचा पेन कागदावर थांबला होता. एजेला पुन्हा पुकारावं लागलं.

मग ते उठले आणि खिडकीशी आले. टोपी काढली. एजेने मान इतकी खाली घातली होती की मला नुसता रुमाल दिसत होता.

"तू होतीस का," अता म्हणाले. "मला वाटलं, आई आली. ती गेल्यापासून हे नाव कोणी घेतलं नाही. तेवीस वर्षं झाली. बरोबरीचे होते ते सगळे गेले. घरात अता, रस्त्यात अता, डॉक्टरसुद्धा अता म्हणतात." उजवा कान खिडकीशी आणला. "आणखी एकदा म्हण पोरी. डाव्या कानाला कमी ऐकू येतं."

तिने तिसऱ्यांदा नाव घेतलं, अगदी हळू.

"आलो, आलो," म्हणाले आणि खोली सातकडे निघाले.

उरलेली तीन नावं एजेने कशी पुकारली, मला आठवत नाही. बेगाइमने सही केली आणि ओले बूट ओढत पुढच्या गावाला गेली. खुर्ची राहिली.

चारला एजे माझ्या टपरीत आली. स्टुलावर बसली, कोट काढला नाही. मी चहा ओतला. दिलाशाचं काही बोलावं म्हणून म्हटलं, "बघ, रागावले नाहीत. उलट खूश झाले."

"रागावले असते तर बरं झालं असतं, मेलिस." ती पेल्यात बघत होती. "अडतीस वर्षं मी मान म्हणून गप्प बसले. दर सणाला समोर बसून त्यांना चहा दिला. मला वाटायचं, मी त्यांना काहीतरी देतेय." तिने पेला तसाच खाली ठेवला. "उद्या जेवायला येतायत घरी. दारात मी त्यांना आता काय म्हणू?"