टेबलाखालचं मीठ

बस दुरुस्तीच्या कारखान्यातलं कॅन्टीन सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या ताई म्हणत. हाताखाली काम करणारी त्यांच्याहून वयाने चांगली थोरली होती, पण तिला म्हणत बारकी. आता हे असं का, ते वेगळं सांगायला नको. ताईंना सगळं ठाऊक होतं. आमच्याकडे मोठेपण वजनकाट्यावर ठरतं, असं त्या स्वतःच हसून सांगत.

‘मी कुठे काय खाते?’ हे त्यांचं पालुपद. आणि खरंच, ताट वाढून घेऊन बसलेल्या त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. सकाळी रश्शाचं पातेलं चढलं की एक चव, मीठ पडलं की एक, उकळी आली की एक, आणि बारकीने मागच्या मागे पाणी ओतलं असेल या संशयाने आणखी एक. शिजला का बघायला भाताचं शीत दाबायचं आणि दाबलेलं शीत जायचं तोंडात, कारण अन्न टाकायचं कसं? स्वयंपाक करणारी माणसं चव घेण्याला खाणं म्हणतच नाहीत. हा मान मात्र एकट्या ताईंचा. बारकीने इतकी वर्षं चिरलं, ढवळलं, घासलं, पण पातेल्यात चमचा घालायची तिची टाप नव्हती. टेबलांवर मिठाची वाटी ठेवायची नाही हाही ताईंचाच कायदा. ज्याला आळणी लागेल त्याने समोर येऊन सांगावं, असं त्या म्हणत. येतंय कोण!

पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला. कोठीच्या चार पायऱ्या चढताना ताई मध्ये थांबून भिंतीशी गप्पा मारल्यासारखं करायच्या, म्हणजे दम लागलाय हे कुणाला दिसू नये. रक्तातली साखर वाढली, आडवं झोपलं की श्वास अडके. पथ्यं झाली, चालणं झालं, काटा ढिम्म. शेवटी डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं आणि सगळं नीट समजावलं. ताईंनी ऐकून घेऊन एकच प्रश्न विचारला, माझी जीभ शाबूत राहील ना? डॉक्टर प्रामाणिक होते. ते म्हणाले की काहींची चव बदलते, बऱ्याच जणांची हळूहळू जुळते, पण हमी देता येत नाही.

झालं, ताईंच्या जिवाला घोर लागला. नवऱ्याचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं. माणूस भला, पण अबोल. त्याला त्यांनी रात्री स्पष्टच सांगितलं.

“भीती चिरण्या-शिवण्याची नाही हो. चव गेली तर त्या भटारखान्यात माझं काय काम? लोकांनी नुसतं दयेनं ठेवून घ्यायचं का मला?”

नवरा म्हणाला, आधी तू नीट श्वास घे, मग बघू.

ऑपरेशन झालं पोटाचं आणि दुखला खांदा. पोट फुगवायला आत सोडलेल्या हवेमुळे असं होतं, चालत राहा, म्हणून नर्सने त्यांना लगेच व्हरांड्यात फिरवलं. पाणी प्यायचं ते औषधाच्या टोपणाने, घोट घोट. ज्या बाईने आयुष्यभर डावाने मोजलं तिच्या हातात टोपण! घरी आल्यावर सूप, तेही गाळलेलं. नवऱ्याने मिक्सर आणला आणि दुकानात किल्ल्या घासाव्यात तशा निष्ठेने तो भाज्या वाटू लागला. सूप कसलंही असो, देताना म्हणायचा, छान झालंय. ताई मुकाट्याने प्यायच्या. एका सकाळी काही कारण नसताना त्यांना रडू कोसळलं. आहार सांगणाऱ्या मॅडम म्हणाल्या की हेही होतं, पुढे केसही थोडे गळतील, घाबरायचं नाही, पण प्रथिनं आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत.

पण जित्याची खोड! अजून पातळ खाण्याचेच दिवस होते, तरी ताई नुसतं बघून येते म्हणून कॅन्टीनला गेल्या. बारकीने खुर्ची दिली. रस्सा उकळत होता. ताईंचा हात आपोआप चमच्याकडे गेला. खाल्लं कुठे, चव घेतली. मग बटाटा शिजलाय का ते पाहिलं. मग भाताचं शीत. थोड्याच वेळात छातीत दगड अडकल्यासारखं झालं, घाम फुटला, आणि त्या मोरीत उलटी करत असताना बारकीने त्यांचं कपाळ धरलं. तिथून थेट दवाखाना. नशीब, टाके धड होते. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लंत? ताई शपथेवर म्हणाल्या, काहीच नाही. सोबत आलेल्या बारकीने सगळं सांगून टाकलं.

आहारवाल्या मॅडम मुळीच रागावल्या नाहीत. त्यांनी पुढच्यासाठी एक युक्ती सांगितली. कामावर रुजू झालात की जिथे जिथे चव घ्यावीशी वाटेल, तिथे तो चमचा तोंडाऐवजी एका पातेलीत रिकामा करा. पुढे ताई रुजू झाल्या आणि त्यांनी तसं केलं. दुपारची पंगत बसायच्या आत पातेली काठोकाठ भरली. ताई तिच्याकडे बघतच राहिल्या. त्यांनी बारकीला विचारलं की हे एवढं मी रोज गिळत होते का. बारकी ती पातेली रिकामी करायला घेऊन गेली.

मग असं ठरलं की दिवसातून एकदाच, तेही जिभेच्या टोकावर. ताई ते पाळू लागल्या. गुडघे हलके झाले, कोठीच्या पायऱ्या त्या बोलत बोलत चढू लागल्या, साडी नेसताना निऱ्या जास्त येऊ लागल्या. छोट्या वाटीतलं मऊ अन्न सावकाश चावून खायचं, जेवताना पाणी प्यायचं नाही, आणि पोटाने ‘पुरे’ म्हटलं की पुढचा घास ठेवून द्यायचा. सगळं कसं सुरळीत. जीभ मात्र तिखटमिठाला फारच बुजायची. एवढंसं मीठ पडलं तरी समुद्र प्यायल्यासारखं वाटे, म्हणून त्या हात आखडता घेत. लोक निमूट जेवत होते, म्हणजे ठीकच असणार.

एक दिवस टेबलं पुसताना फडक्याला खरखर लागली. बोट लावून पाहिलं, मीठ. शेजारच्या टेबलावरही तेच. दुसऱ्या दिवशी त्या वाढायच्या खिडकीआड उभ्या राहिल्या. म्हातारा रंगारी बाकावर बसला, त्याने खिशातून वायसर ठेवायची डबी काढली, टेबलाखालून शेजाऱ्याला दिली, त्याने पुढच्याला. अख्खी रांग चोरून मीठ घालून घेत होती, आणि खिडकीकडे बघून छान छान करत माना डोलवत होती. इतकी दांडगी माणसं, बसचं इंजिन उचलणारी, पण त्यांना ताईंचं मन मोडवेना.

ताई मोरीशी जाऊन रडल्या. राग यायला हवा होता, पण आली ती लाज, आणि लाजेपेक्षा जास्त माया. इतके दिवस ज्याला घाबरत होत्या तेच झालं होतं, आणि ते त्या सोडून सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या सकाळी रस्सा उकळल्यावर त्यांनी बारकीला हाक मारली आणि चमचा तिच्यापुढे धरला. बारकी बावचळली. तिने चाखलं आणि म्हणाली, छान आहे.

“छान म्हणायला घरी नवरा आहे मला. तू खरं सांग.”

बारकीने पुन्हा चाखलं. मग खालच्या मानेने म्हणाली की आळणी आहे, आणि आंबटही जरा कमी पडतंय. ताईंनी मिठाचा डबा तिच्याच हातात दिला आणि स्वतः दोन पावलं मागे सरकल्या. बारकी चिमटी चिमटीने घालत गेली, चाखत गेली. ताईंना तिथे उभं राहणं फार जड गेलं. त्यांनी पदर मुठीत धरून ठेवला.

त्या दिवशी डबी कुणाच्याच खिशातून निघाली नाही. पहिला घास घेऊन माणसं एकमेकांकडे बघू लागली, मग खाली बघून जेवू लागली, आणि दुसऱ्यांदा रस्सा घ्यायला खिडकीशी रांग लागली. रंगारी सर्वांत पुढे. त्याचा चेहरा एवढा खुलला होता की विचारू नका.

“ताई, आज तुमचा हात परत आला बघा.”

सगळे ताईंकडे बघत होते. बारकी मान खाली घालून पातेलं खरवडत होती, खरवडण्यासारखं त्यात काही नसताना. एक नुसतं हसणं पुरे होतं. सगळं पूर्वीसारखं झालं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. ताईंनी बारकीला दंडाला धरून खिडकीपुढे आणलं.

“माझा नाही, हिचा हात आहे. आणि उद्यापासून काही कमीजास्त वाटलं, तर हिला सांगायचं.”

बारकीने हात पदराला पुसले आणि रंगाऱ्याला विचारलं, अजून वाढू का.