माइक बंद ठेवून ये

मला अजूनही राग येतो, आणि तो त्या अनोळखी पोरांचा नाही. माझ्याच मित्राचा येतो.

मी मूळची कोल्हापूरची. संशोधनासाठी चंदीगडला आले, सेक्टर ३९ मधल्या संस्थेत. खोली मनीमाजऱ्यात घेतली आणि सामानाबरोबर गेमिंग कन्सोलही आणला. आमच्याच लॅबमध्ये नागपूरचा एकजण होता. दोघं मराठी, दोघांना खेळायचं वेड, मैत्री व्हायला वेळ लागला नाही. रविवारी दुपारी तो मला इन्व्हाइट पाठवायचा, मी स्वीकारलं की त्याच्या गटात सामील व्हायचे. त्याचे दोन मित्र असायचे, एक पंचकुल्याचा, एक पिंजौरचा. चौघं मिळून दुसऱ्या टोळीशी लढायचं, असा तो खेळ.

माझा हेडसेट बिघडला होता. त्यांचं बोलणं टीव्हीवरून ऐकू यायचं, पण मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी टाइप करायचे. आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात. ती सवय माझ्या हिंदीतही उतरलेली. 'आ रहा हूँ,' असं लिहायचे. त्यामुळे त्या दोघांनी मला मुलगाच धरलं. पडलेल्या गड्याला गोळ्यांच्या माऱ्यातून उठवून आणायचं काम माझं. "भाई पक्का फौजी है," पंचकुल्याचा म्हणायचा. मला गंमत वाटायची. मित्रही हसायचा, पण खरं काय ते त्यानं कधी सांगितलं नाही.

मग मी नवा हेडसेट घेतला. त्या रविवारी खेळ ऐन रंगात असताना ओरडले, "दाहिने, छत पर!"



"ये कौन है?" पंचकुल्याच्यानं विचारलं. "भाई की बहन है क्या? भाई को दो यार कंट्रोलर."

"मैं ही हूँ. हमेशा मैं ही थी," मी म्हटलं.

तो डाव आम्ही जिंकलो. छतावरचा माणूस मीच टिपला होता. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या रविवारी इन्व्हाइट आलं नाही. कन्सोलवरच्या मित्रांच्या यादीत तिघंही खेळताना दिसत होते. मी 'जॉइन' दाबलं, तर गट बंद, फक्त बोलावलेल्यांनाच प्रवेश. पुन्हा दाबलं. हातातला कंट्रोलर भिरकावावासा वाटला.

सोमवारी लॅबमध्ये त्याला गाठलं. "मला का नाही बोलावलंस?"

"अगं, तू काऊन चिडून राहिली? पोरं मोकळं बोलतात. शिव्या देतात. तुझ्यासमोर त्यांना अवघडल्यासारखं होते."

"त्या शिव्या मी महिनोन् महिने ऐकतेय. तेव्हा कुणाला अवघडलं नाही?"

"तेव्हा त्यांना माहीत नव्हतं ना."

"तुला होतं."

तो जरा चपापला. मग मोठ्या उदारपणे म्हणाला, "असं कर, माइक बंद ठेवून ये. मग कोणाचाच प्रॉब्लेम नाही."

अंगाची लाहीलाही झाली. माझा नेम चालत होता, त्यांच्यासाठी खाल्लेल्या गोळ्या चालत होत्या. फक्त आवाज चालत नव्हता. आणि हे सांगत कोण होतं, तर माझ्या डब्यातली चटणी रोज हक्कानं खाणारा माणूस! "मुकी होऊन खेळायला मी तुझ्या घरची बाहुली नाही," एवढं बोलून मी निघाले.

त्याच आठवड्यात पिंजौरवाल्याचा मेसेज आला. 'आप क्यों नहीं आ रहीं? आपका दोस्त बोला, आप बिज़ी हो.' म्हणजे खोटंही बोलून झालं होतं! मी सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं, 'मुझसे तो किसी ने पूछा ही नहीं जी.'

मी माझा गट काढला. त्याला बोलावलं, कोल्हापूरहून धाकट्या बहिणीला बोलावलं. ती नवखी, दर मिनिटाला मरायची आणि मेली की मोठ्यानं अस्सल कोल्हापुरी शिवी हासडायची. पिंजौरवाला अर्थ विचारायचा, आम्ही सांगायचो नाही. आम्ही बहुतेक वेळा हरायचो.

मित्रानं पुढे दोनदा सामील व्हायची विनंती पाठवली. दोन्ही वेळा मी नाकारली. लॅबमध्ये तो सगळ्यांना सांगतो, मी फार मनाला लावून घेते. घेते. अजून त्यानं माफी मागितलेली नाही.