थेंब वाळायच्या आत

गाडी धुण्याआधी काका बॉनेटवर उलटा हात ठेवायचे, तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा. मग निकाल द्यायचे, "गरम हाय. आंग थंड होऊ द्या, मंग पानी." गाडी महिनोन्‌महिने जागची हललेली नसे. पण आमचं गाव घाटाखालचं, खामगावकडचं. इथे सकाळी नऊलाच पत्रा हात लावू देत नाही.

काकांना गाडी चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली होऊन मी त्यांच्या समोरच्या घरात भाड्याने राहायला आलो, तेव्हा मलाही वाटलं होतं की म्हाताऱ्याला फिरायचा शौक असेल. काकू गेलेल्या, मळा बटईने दिलेला, आणि दारात ही काळी चकचकीत गाडी.

गाडी मुलाची. तो पुण्याला नोकरीला. एका दिवाळीला तो ती घेऊन आला आणि ट्रॅव्हल्सने परत गेला. तिकडे सोसायटीत एकाच गाडीला जागा, आणि त्याने मोठी नवी घेतलेली. "राहू द्या इथं, मी आलो की वापरायला होईल," असं तो म्हणाला. काकांनी त्यातलं "मी आलो की" एवढंच धरून ठेवलं. महिन्याभरात त्यांनी गाडीवर पत्र्याचं शेड उभं केलं.

आमच्या बोअरचं पाणी खारं. बादलीला पांढरी खपली धरते, ठिबकच्या नळ्या चोंदतात. काकांनी पहिल्यांदा गाडी धुतली ती भर दुपारी, आणि तशीच वाळू दिली. काळ्या रंगावर पांढरे गोल डागच डाग उठले. तुमच्या-माझ्यासारख्याने फडक्याने घासून बघितलं असतं. काका पडले जन्मभर भाजीपाला पिकवलेले. त्यांनी चोंदलेल्या नळ्या साफ करायचं अ‍ॅसिड काढलं, पाण्यात कालवलं आणि मागच्या दारावर लावलं. डाग गेला, त्याबरोबर रंगाची चमकही गेली. रुपयाएवढा फिकट ठिपका कायमचा राहिला.

"लय मोठी चूक झाली, सर," ते मला म्हणाले. "थो आला की पह्यले हेच पाहीन."

तो उन्हाळ्यात आला, दीड दिवस राहिला. त्यातला निम्मा वेळ काका त्या दाराला टेकून उभे होते. जेवायलाही चटकन जाईनात. मुलाने गाडीकडे धड पाहिलंसुद्धा नाही, सारखा फोनवर होता. तो गेल्यावर काका मला म्हणाले, "वाचलो!" आणि त्या फिकट ठिपक्यावरून बोट फिरवत राहिले.

त्यानंतर ते खामगावला एका वॉशिंग सेंटरवर अर्धा दिवस बसून सगळं शिकून आले. सावलीतच धुवायचं. वरून खाली यायचं. साबणाची बादली वेगळी, फडकं खंगाळायची वेगळी. चाकांचं फडकं बाकी गाडीला लावायचं नाही. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. एक दार धुतलं की ते कोरडं करूनच दुसऱ्याला हात. "थेंब वाळाच्या आत टिपाचा," हे त्यांचं वाक्य मला पाढ्यासारखं पाठ झालं. शेवटचं पाणी बोअरचं नाही, प्यायच्या जारचं. गल्लीत सगळ्यांकडे जार येतो, काकांकडेही यायचा. पण तो गाडीला आणि पाहुण्याला. स्वतः ते माठात बोअरचंच भरायचे.

"काका, गाडीला गोड पाणी अन् तुम्ही खारं पिता?"

"पोटात डाग पडले त कोन पाह्यते, सर?"

पुढची दोन वर्षं मुलगा आला नाही. दर रविवारी फोन मात्र यायचा, अगदी नेमाने. काका फोन ठेवून बादल्या काढायचे. "सुट्टी नाही भेटली म्हने. भेटीन. गाडीसाठी तरी याच लागीन ना त्याले." मी मान डोलवायचो. त्या गाडीवर त्यांचा केवढा भार होता, ते मला पूर्ण दिसत होतं.

आणि तरीही मी काय केलं बघा. एके दिवशी मुलाचा मलाच फोन आला. "सर, गाडीचे फोटो पाठवता का? विकायला टाकतो. बाबांना उगीच धुवायचा त्रास होतो." त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मी सकाळच्या उजेडात आठ फोटो काढले. काका प्रत्येक फोटोआधी पुढे होऊन आरसा पुसत होते, काच पुसत होते. पोराला गाडी पाहावीशी वाटली, अशी त्यांची समजूत झाली होती. मी ती मोडली नाही. संध्याकाळी मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना कळलं.

दुसरबीडहून गिऱ्हाईक रविवारी चार वाजता येणार होतं. आदल्या दिवशी मी, माझंच मन खात होतं म्हणून, थट्टेत म्हणालो, "काका, भर उन्हात खारं पाणी मारा अन् द्या सोडून. गिऱ्हाईक पळून जाईल." ते हसले नाहीत.

रविवारी दुपारी मी खिडकीत होतो. शेडची सावली सरकली होती, बॉनेट उन्हात आलं होतं. काकांनी बोअरचा पाइप ओढला, बॉनेट ओलं केलं आणि पायरीवर येऊन बसले. थेंब आक्रसू लागले. वाळू दे, मी मनात म्हणत होतो, एवढं एकदा वाळू दे. काका मांडीवर हात दाबून बसले होते. मग एकदम उठले, अनवाणी धावले, जार उचलून बॉनेटवर ओतला आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने टिपायला लागले. मी खिडकीत दिसलो तशी मान हलवली. "नाही होत माह्याच्यानं, सर. पोराची गाडी हाय."

गिऱ्हाईक गाडीभोवती फिरलं. "नवीकोरीच ठेवली की हो काका!" काकांनी स्वतः मागच्या दाराशी नेऊन तो फिकट ठिपका दाखवला. "चालतंय एवढं," म्हणत त्याने तिथल्या तिथे सौदा पक्का केला. मुलाचा फोन आला, "बाबा, तुम्ही तर कमालच केली." हे काकांनी गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं. माझ्या घरी शेवटी आले. "कागदावर सही कराले त याच लागीन ना त्याले?"

"लागेल बहुतेक," मी म्हणालो.

सह्या केलेले कागद कुरिअरने आले. एका बुधवारी मी शाळेत असताना गाडी गेली. पुढच्या आठवड्यात काकांनी जार बंद केला. मी विचारलं, तर म्हणाले, "आता कोनासाठी?" पाहुणे तर आधीही येत नव्हते. रविवारचा फोन चालू होता, पण तो ठेवल्यावर काका पायरीवर नुसते बसून असायचे. मी शेजारी जाऊन बसायचो.

माघातल्या एका सकाळी त्यांचं दार उघडलं नाही. झोपेतच गेले होते. फोन मी केला. मुलगा संध्याकाळपर्यंत पोहोचला, लहान मुलासारखा रडला. आणि राहिला, सलग तेरा दिवस. नोकरी लागल्यापासून तो एवढा कधी राहिला नव्हता. सकाळी ओट्यावर बसून चहा प्यायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचा. मळ्यात दोनदा जाऊन आला. फोन बहुतेक वेळ घरातच पडलेला असायचा. काका असते, तर हेही त्यांनी गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं असतं.