गालावरचं जेल

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. रात्री चेहऱ्याला लावायचं कोरियन जेल पन्नाशीत स्वतःसाठी मागायची लाज वाटली, म्हणून अमरावतीच्या एका दुकानात मी सीलबंद डबी गुपचूप फोडून ते गालाला लावून पाहिलं.

काउंटरवरच्या बाई गिऱ्हाइकाच्या हातावर नमुना लावून दाखवत आणि बोटाला उरलेलं आपल्या कोरड्या कोपरांना पुसत. म्हणून फोडलेली डबी दिसताच मालकानं त्यांनाच धरलं.

"बाई, तुमीच फोडली ना? हात पाहा कसे चमकून राह्यले! पुन्हा असं झालं तर कामावर येऊ नोका."

बाईंनी माझ्या ओल्या गालाकडे पाहिलं. "हो, मीच," म्हणाल्या. मालक वळताच हळूच बोलल्या, "तोंड पुसून घ्या भाऊ. लोक हासतीन तुमाले."

मी तोंड पुसलं आणि बाहेर पडलो. डबी मी फोडली, हे त्या मालकाला सांगणं अजून माझ्याकडून राहिलं आहे.