हीटर मागितला म्हणून नोटीस

“ड्रायव्हरला गाडीत शेकायला हीटर पाहिजे होता. तो दिला नाही म्हणून हे सगळं नाटक,” दवाखान्याचे मॅनेजरसाहेब मला म्हणाले.

समोर ज्ञानोबातात्या उभे होते. या ट्रस्टच्या दवाखान्याची ॲम्ब्युलन्स बारा वर्षं चालवणारा माणूस. हातात नोटीस: दोन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी करू.

मी कळंबला गाड्यांचं वायरिंग करतो. मला बोलावलं होतं ते गाडीत काहीच दोष नाही असं लिहून द्यायला.

झालं होतं असं. जानेवारीतली सकाळ, कडाक्याची थंडी. एका वाडीवरून बाळंतपणाचा फोन आला आणि गाडी पाऊण तास सुरूच होईना. शेवटी चार जणांनी धक्का मारला तेव्हा लागली. तात्या पोचेपर्यंत बाई घराच्या दारातच बाळंत झाली. दोघं वाचली, पण नातेवाइकांनी दवाखान्यात येऊन दंगा केला. मग कुणावर तरी ढकलायला हवं. तात्या उशिरा उठले, असं ठरलं.

मी तक्रारवही मागितली. तात्यांनी तीन वेळा लिहिलं होतं, ‘हीटर कधी धरतो, कधी धरत न्हाय. बघावा.’ खाली तिन्ही वेळा लाल शाईत साहेबांचा शेरा: ‘चालकाच्या सुखसोयीची मागणी. अमान्य.’

आधी मला हसू आलं. मग डोकंच फिरलं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापते आणि त्यात डिझेल पेटतं. जुन्या इंजिनाला थंडीत तेवढी ऊब पुरत नाही, म्हणून प्रत्येक सिलिंडरला बोटाएवढा एक प्लग असतो. चावी अर्धी फिरवली की तो लाल होतो, मग स्टार्टर मारायचा. कंपनीच्या पुस्तकात त्याला ग्लो प्लग म्हणतात. आमच्याकडं भूमपासून येडशीपर्यंत कुणालाही विचारा, तो हीटर.

“तात्या, गाडी दाखवली कुठं?”

“दोनदा नेली की गॅरेजला. पर दुपारच्याला. ते म्हनले, सुरू हुती की, न्या.”

दुपारी सुरू होणारच! गरम इंजिनाला हीटर लागतच नाही. मी साहेबांना सांगितलं, गाडी आज हलवू नका, उद्या सकाळी सहाला बघतो.

“म्हणजे आज लिहून देणार नाही?”

“न बघता सही करत नाही मी.”

सकाळी बॉनेट धरवत नव्हतं इतकं गार. तात्यांनी चावी अर्धी फिरवली. डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा लागला. त्या दिव्यावर सगळे फसतात. करंट प्लगपर्यंत पोचला की नाही, हे त्याला कळत नाही. प्लग मी आधीच तपासले, चारही चांगले. मग रिलेच्या पुढच्या वायरला टेस्ट लॅम्प लावला. रिले म्हणजे लहान करंटनं मोठा करंट सोडणारा स्विच. टक् आवाज आला, पण लॅम्प पेटला नाही. दुसऱ्यांदा चावी फिरवली, लॅम्प पेटला. तिसऱ्यांदा पुन्हा अंधार.

रिले काढून उघडला. आतले पॉइंट जळून काळेठिक्कर. कधी टेकायचे, कधी नाही. तात्यांनी वहीत लिहिलं होतं अगदी तसंच.

नवा रिले बसवला. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. तात्या स्टिअरिंगवर डोकं टेकवून तसेच बसून राहिले.

साहेब दहाला आले. जळका रिले मी टेबलावर ठेवला.

“मग ग्लो प्लग असं लिहायचं ना! हीटर लिहिल्यावर माणूस काय समजणार?”

“साहेब, एकदा बोलावून विचारायचं. तीन वेळा लिहिलं होतं त्यांनी.”

“ऑफिसचं काम लेखी असतं.”

“घ्या मग लेखी,” म्हणालो. तिथंच बसून लिहिलं: गाडीत दोष होता, चालकानं तो वेळेत आणि बरोबर कळवला होता. सही केली, शिक्का मारला आणि एक प्रत तात्यांच्या खिशात घातली. रागात अक्षर वेडंवाकडं आलं.

आठ दिवसांनी तात्या दुकानात आले. पत्र पुढं केलं. ‘खुलासा मान्य. तथापि यापुढे तक्रारवहीत योग्य तांत्रिक शब्द वापरावेत, अशी सक्त ताकीद देण्यात येत आहे.’

“नोकरी ऱ्हायली, मिस्त्री,” तात्या म्हणाले. “पर चूक माझीच निघाली बगा.”

माझ्या तोंडात शिवी आली होती, ती तात्यांच्या वयाकडं बघून गिळली. शेरा मारणाऱ्याला कसलंही पत्र नाही. बाळंत होणाऱ्या बाईचा पाऊण तास गेला, त्याचा तर कागदात उल्लेखच नाही.

धडा म्हणाल तर एवढाच. ड्रायव्हरची तक्रार समजली नाही तर पेन खाली ठेवावं आणि त्याच्याबरोबर गाडीपर्यंत चालत जावं. त्या ऑफिसच्या दारापासून मी मोजलंय, वीस पावलं आहेत.