हरिहरचा होकार

मनोहर खांबेटे मूळचे दादरचे. पस्तीस वर्षांपूर्वी एका डच कंपनीत पंपांचे आराखडे काढायला आले आणि हार्लेमलाच राहिले. नोकरी सोडल्यावर त्यांनी मराठी आणि हिंदीचे दुभाषी म्हणून कोर्टात शपथ घेतली. महिन्याला तीन-चार कामं येत. इथे आयटीत नोकरीला आलेल्या आमच्यासारख्यांचा कोर्टाशी संबंध येत नाही, त्यामुळे मनोहरकाकांचं हे काम आम्हाला जरा गमतीचंच वाटे. त्यांना तसं वाटत नसे. "माणसाला आपल्याबाबत काय चाललंय ते आपल्या भाषेत कळलं पाहिजे, हा युरोपात हक्क आहे," ते सांगायचे, आणि तो कायदा स्वतः लिहिल्यासारखे खूश व्हायचे.

आता ते हे काम करत नाहीत. का, ते त्यांनी मला गेल्या वर्षी सांगितलं. त्या माणसाचं खरं नाव त्यांनी घेतलं नाही. हरिहर म्हणू या, असं म्हणाले.

हरिहर वेंगुर्ल्याकडचा. अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या एका हॉटेलात तंदूर सांभाळायचा. २०२०च्या मार्चमध्ये एका संध्याकाळी सायकलला दिवा नाही म्हणून पोलिसांनी त्याला अडवलं आणि ओळखपत्र मागितलं. नाव संगणकात घातल्यावर त्याच्या नावाचं युरोपियन अटक वॉरंट निघालं. आधी तो पूर्व युरोपातल्या एका देशात कामाला होता. तिथे मालकाच्या गाडीने एका बाईला उडवलं होतं. गाडी मालकाचा पुतण्या चालवत होता, असं हरिहरचं म्हणणं. पण पोलिसांनी पुढे केलेल्या, एक अक्षरही न कळणाऱ्या कागदावर सही त्याने केली होती. "प्रकरण मिटलं," असं मालकाने सांगितलं, म्हणून तो पुढे हॉलंडला आला.

वॉरंट आलं की एका देशाने माणूस दुसऱ्या देशाच्या हवाली करायचा. सगळ्यांची कोर्टं सारखीच भरवशाची, असं त्यात धरलेलं असतं. तरी माणसाला दोन वाटा असतात. सुनावणी मागायची आणि वकिलामार्फत हरकत घ्यायची, किंवा संमती द्यायची. संमती दिली की लगेच पाठवणी, आणि ती सहसा परत घेता येत नाही.

तेव्हा कोर्टाच्या इमारती बंद होत्या. तातडीची कामं फोनवर चालत. एप्रिलमधल्या त्या सकाळी काका माडीवरच्या खोलीत दार लावून बसले. एका टोकाला न्यायाधीश, दुसऱ्या टोकाला आपल्या घरातून बोलणारी वकीलबाई मारायके, तिसऱ्या टोकाला कोठडीत हरिहर. आवाज तुटत होता. कोणी कोणाचा चेहरा पाहिला नव्हता. वकीलबाईलाही तो आदल्या दिवशी फोनवरच भेटला होता, तोही एका हिंदी दुभाष्यातर्फे.

न्यायाधीशांनी दोन्ही वाटा समजावल्या. काकांनी वाक्यन् वाक्य मराठीत सांगितलं. हरिहरने विचारलं, "इथं थांबलो तर किती दिवस?"

"सांगता येत नाही. या दिवसांत महिने लागतील," न्यायाधीश म्हणाले.

"आईला फोन करता येईल का?"

ते तुरुंगाला विचारा, असं उत्तर आलं. मग न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, "तुम्हाला हवाली करायला तुमची संमती आहे का?"

 मग हरिहर म्हणाला, "चालेल. तुम्ही म्हणाल तसं."

काकांनी डचमध्ये सांगितलं, "हो, माझी संमती आहे."

तासभर झाला होता. पुढचा फोन वाट पाहत होता. मारायकेने काही विचारलं नाही. न्यायाधीशांनी संमती नोंदवून घेतली आणि आभार मानले.

खाली येईपर्यंत काकांच्या मनात ते दुसरं वाक्य वळवळायला लागलं होतं. ते त्यांनी सांगितलंच नव्हतं. जेवताना त्यांनी सुनेत्राकाकूंना नावगाव न सांगता विचारलं, "चालेल म्हणजे काय गं?"

"कोण म्हणतंय त्यावर आहे," काकू म्हणाल्या. "मी म्हणते तेव्हा निम्म्या वेळा नाहीच असतं."

"आणि तुम्ही म्हणाल तसं?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "वकिलाला फोन करा."

त्यांनी केला नाही. दुभाष्याने आपलं मत मध्ये घालू नये, असा नियम आहे, हे त्यांनी स्वतःला बजावलं. कोर्टाच्या दुभाष्यांच्या यादीतून नाव जाईल, ही भीतीही होतीच. ती त्यांनी माझ्यापासून लपवली नाही. आणि विमानं बंद आहेत, पाठवणी कुठे एवढ्यात होतेय, असंही वाटलं. आज-उद्या करत एप्रिल गेला, मे गेला.

त्या उन्हाळ्यात पेपरात बातमी आली. पूर्वेकडच्या एका देशात न्यायाधीशच सरकारच्या दबावाखाली असतील, तर तिथे माणसं पाठवायची का, असं अ‍ॅमस्टरडॅमच्या कोर्टाने लक्झेंबर्गच्या युरोपियन न्यायालयाला विचारलं होतं. हरिहरला मागणारा देश तो नव्हता. पण काकांनी बातमी दोनदा वाचली आणि मारायकेला फोन लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मिस्टर खांबेटे, तो जूनमध्ये गेला. हे त्याच आठवड्यात कळलं असतं तर ती खरी संमती नव्हती, असं मी म्हणू शकले असते. आता मी फक्त तिकडच्या वकिलाला पत्र लिहू शकते."

काकांनी लेखी निवेदन दिलं आणि यादीतून स्वतःच नाव काढून घेतलं. निवेदनाचा उपयोग झाला नाही. हरिहर तिकडे चौदा महिने कोठडीत होता. कोरोनामुळे तारखा पुढे जात राहिल्या. शेवटी जखमी झालेल्या बाईनेच कोर्टात सांगितलं, की गाडी चालवणारा हा नव्हे. सुटला तोवर इथली नोकरी आणि राहण्याचा परवाना दोन्ही गेले होते. आई दुसऱ्या लाटेत गेली होती.

मारायकेने हरिहरला विचारून त्याचा वेंगुर्ल्याचा नंबर काकांना दिला. काकांनी फोन केला, नाव सांगितलं. हरिहरने आवाज लगेच ओळखला.

"तुम्ही ते मराठी साहेब ना? तेव्हा किती दिवसांनी मराठी ऐकलं होतं मी. बरं वाटलं होतं."

काकांनी सगळं सांगितलं. तो काय म्हणाला होता, आणि आपण पुढे काय सांगितलं.

"पण मी तुम्हालाच विचारत होतो," हरिहर म्हणाला. "थांबू की जाऊ, ते. तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणून वाटलं, बरोबरच असेल."

 मग तो सावकाश म्हणाला, "म्हणजे मी हो म्हटलं नव्हतं. चौदा महिने मी स्वतःला शिव्या घातल्या. आई गेली तेव्हाही. माझ्याच तोंडाने हो म्हटलं म्हणून."

"माझी चूक होती," काका म्हणाले.

"हे तेव्हा सांगायचं होतं, साहेब." त्याचा आवाज चढला नव्हता. मग दुकानात गिऱ्हाईक आलंय, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

काकांनी त्यानंतर दोनदा फोन केला. त्याने उचलला नाही. तिसऱ्यांदा करायचा की नाही, हे त्यांनी मला विचारलं.